मराठी वाचणाऱ्याने किंडल पेपरव्हाइट घ्यावं का? मशीन एक नंबर, दुकान अर्धवट

सरळच सांगते. मराठी भरपूर वाचत असाल आणि फोनवर वाचून डोळे चुरचुरत असतील तर किंडल पेपरव्हाइट, म्हणजे अॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं मशीन, बिनधास्त घ्या, पण घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा की मशीन तुमचं असतं, त्यावर पैसे मोजून घेतलेली पुस्तकं मात्र तुमची नसतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं जमवता येतं, आणि ते कसं जमवायचं ते खाली सविस्तर लिहिलंय कारण इंग्रजी वाचणाऱ्यांचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात पण त्यात मराठीचा म पण नसतो.

माझ्याकडे २०२१ चं मॉडेल आहे, अकरावी पिढी म्हणतात ते. ६.८ इंचाचा स्क्रीन, यूएसबी-सी चार्जिंग, वजन २०५ ग्रॅम. भारतात आलं तेव्हा १३,९९९ ला होतं. घरात मी आणि आई दोघी वापरतो, म्हणजे खरं सांगायचं तर आता आईच जास्त वापरते आणि मला मागून घ्यावं लागतं.

आधी स्क्रीनबद्दल, कारण पैसे तिथेच वसूल होतात. ही ई-इंक नावाची गोष्ट एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघाली, १९९७ मध्ये त्याची कंपनी झाली आणि आज बहुतेक ई-रीडरमध्ये त्यांचाच पडदा असतो. काचेखाली डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कुप्या असतात, त्यात पांढरे आणि काळे कण, दोघांचा विद्युतभार उलटा. विजेनं पांढरे वर आले की तिथे पांढरं दिसतं, काळे वर आले की काळं. एकदा पान तयार झालं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही, पान बदलतानाच लागते, म्हणून बॅटरी आठवड्यांवर जाते. कंपनी दहा आठवडे म्हणते पण ते रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असं धरून. आमच्याकडे तासन्‌तास वाचन चालतं त्यामुळे तेवढी जात नाही, तरी चार्जर कुठे ठेवलाय हे विसरायला होतं इतकी नक्की जाते.

आणि उजेड. फोनचा उजेड मागून थेट डोळ्यात येतो, इथे कडेला बसवलेले १७ एलईडी पानावर उजेड टाकतात. भर उन्हात गॅलरीत बसलं तर उलट जास्त छान दिसतं. रात्री उजेड पिवळसर करता येतो, वॉर्म लाइट म्हणतात, हे पेपरव्हाइटला २०२१ पासूनच आलं, त्यामुळे सेकंडहॅन्ड जुनं मॉडेल घेत असाल तर हे बघून घ्या.

आता आईचं. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, आणि छापील पुस्तकातलं, विशेषतः जुन्या स्वस्त आवृत्त्यांमधलं बारीक टाइप तिला वाचता येईना. वाचनालयाचं कार्ड बंद करायला निघाली होती. जिनं आयुष्यभर दुपारची झोप सोडून वाचलं तिनं कार्ड बंद करणं हे मला फार लागलं. किंडलवर अक्षर तिला हवं तेवढं मोठं करून दिलं, पानावर जेमतेम आठ-नऊ ओळी मावतात, आणि ती वाचायला लागली. पहिला प्रश्न तिनंच विचारला, “पान उलटलं की मधूनच सगळं काळं का होतं गं?” ते सगळे कण एकदा झटकून नव्याने मांडले जातात म्हणून होतं, नाहीतर आधीच्या पानाची पुसट सावली राहते. दोन दिवसांत तिला ते दिसेनासं झालं. हलकं आहे म्हणून पडून एका हातात धरता येतं, साडेचारशे पानी कादंबरी छातीवर ठेवून वाचायला लागत नाही. साठीच्या पुढचं कुणी वाचणारं घरात असेल तर याच एका कारणासाठी मी हे घ्या म्हणेन, बाकी काही बघू नका.

पण मोठ्या अक्षरात मराठीची एक अडचण येते ती सांगते. आपले शब्द लांबलचक, आणि किंडल मराठी शब्द ओळीच्या शेवटी तोडत नाही, मग ओळ दोन्हीकडून सरळ करायच्या नादात दोन शब्दांमध्ये एवढाली भोकं पडतात की वाचताना अडखळायला होतं. उपाय आहे, पुस्तक उघडून पानाच्या वरच्या भागावर बोट टेकवलं की ‘Aa’ असं दिसतं त्यात लेआउटमध्ये जाऊन डावीकडून सरळ ठेवायचं, उजवी कड वेडीवाकडी राहू दे. दुसरं, बुकर्ली वगैरे जे सुंदर फॉन्ट जाहिरातीत दाखवतात ते इंग्रजीचे, मराठीला त्यांचा उपयोग शून्य. माझ्या मशीनवर मराठी शब्दावर बोट दाबून धरलं तर अर्थही येत नाही. इंग्रजी शब्दावर लगेच डिक्शनरी उघडते. जुनं मराठी वाचताना ही सोय किती हवी असते हे वाचणाऱ्याला माहितीये, आणि मराठी पुस्तकं विकायला घेऊन इतकी वर्षं झाली तरी एवढी साधी गोष्ट नसावी याचा मला खरंच राग येतो.

दुकानाकडे येते. अॅमेझॉननं डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर हिंदी, मराठी, गुजराती, तामिळ, मल्याळम पुस्तकं आणली. आज शोधलं तर मराठीत यादी मोठी दिसते, पण नीट बघा, त्यात लोकांनी स्वतःच चढवलेली पुस्तकं खूप आहेत कारण किंडलवर मराठीत कुणीही स्वतः प्रकाशित करू शकतं. यात काही वाईट नाही, नवीन लिहिणाऱ्यांना चांगलंच आहे, त्यातल्या दोन-तीन नव्या कथालेखिका मला तिथेच सापडल्या. पण जी पुस्तकं आपण लहानपणापासून कपाटात बघितली ती शोधायला गेलं की निम्मी नाहीतच. बरीच मराठी ई-पुस्तकं बुकगंगासारख्या दुसऱ्या अॅपवर मिळतात आणि ती त्या अॅपमध्येच वाचायची, म्हणजे परत फोन नाहीतर टॅब, परत तोच उजेड.

हे असं का याचं एक कारण तांत्रिक आहे. आपल्याकडे युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला नंबर देणारी पद्धत, रुळायच्या आधी पुस्तकं श्रीलिपी वगैरेंच्या जुन्या फॉन्टमध्ये लागायची. त्या फाइलमध्ये ‘क’ म्हणून क नसतोच, दुसरंच काहीतरी रोमन चिन्ह असतं आणि फॉन्टमुळे ते क सारखं दिसतं. मग ई-पुस्तक करायचं तर आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा आणि मग कुणीतरी बसून ओळन्‌ओळ तपासायची. ही तपासणी जिथे टाळतात तिथे लगेच कळतं. एका नावाजलेल्या प्रकाशकाचं पुस्तक मी पूर्ण किमतीत घेतलं आणि त्यात रफार शेजारच्या अक्षरावर, जोडाक्षरं फुटलेली, मधेच एक परिच्छेद दोनदा. छापील आवृत्ती असली तर कुणी काउंटरवर ठेवली नसती, मग ई-पुस्तकाला वेगळा न्याय का? प्रूफरीडरला पैसे द्या हो, आम्ही पुस्तकाला देतोय ना.

आता ते मालकीचं, ज्याचं मला सगळ्यात जास्त वाटतं. किंडलवर बटण ‘बाय’ असं असतं पण आपल्याला मिळतो तो वाचायचा परवाना. २००९ च्या जुलैत अॅमेझॉननं जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती लोकांच्या मशीनमधून परस्पर उडवल्या होत्या, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, कंपनीचा तेव्हाचा प्रमुख जेफ बेझोसनं नंतर जाहीर माफीही मागितली, पण लोकांना कळलं ते कळलंच की हे लांबूनही काढता येतं. त्यानंतर इतकी वर्षं निदान विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल वेबसाइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून केबलनं किंडलमध्ये टाकता यायची, ती सोयही २६ फेब्रुवारी २०२५ ला बंद केली. आता घेतलेलं पुस्तक बहुतेक वेळा वायफायवरूनच येतं आणि कंपनीच्या अकाउंटशी बांधलेलंच राहतं. आमच्या आजोबांची पुस्तकं आज माझ्या कपाटात आहेत, त्यांच्या पेन्सिलच्या खुणांसकट. आईच्या किंडलवरची पुस्तकं उद्या माझ्या भाचीला तशी मिळणार नाहीत. म्हणून माझा नियम असा की जे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणार, कुणाला देणार, ते छापीलच घ्यायचं, मराठी प्रकाशकाला चार पैसे तिथूनही जातात. प्रवासात वाचून सोडून द्यायचं ते किंडलवर.

स्वतःच्या फाइल टाकायला मात्र अजून पूर्ण मोकळीक आहे आणि मराठीसाठी खरी मजा इथेच आहे. भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातलं आणि विसाव्याच्या पहिल्या काही दशकांतलं भरपूर मराठी आता सगळ्यांचं झालंय. मराठी विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड साइटवर लोकांनी स्वतःचा वेळ देऊन यातली पुस्तकं टाइप करून, तपासून ठेवलीत, तिथून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, डाउनलोड करता येतं. ते ‘सेंड टू किंडल’ या अॅमेझॉनच्या फाइल पाठवायच्या सोयीवर टाकलं की थोड्या वेळात मशीनवर हजर, २०२२ पासून तिथे ईपब थेट चालतं, आधीसारखं मोबी या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये बदलत बसावं लागत नाही. ज्यांनी ते टंकन केलंय त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. नेटवर आजच्या लेखकांची पुस्तकं कुणीतरी पीडीएफ करून फिरवत असतं ती मात्र घेऊ नका, मराठी लेखकाला आधीच काय मिळतं ते आपल्याला माहितीये.

फाइल सांभाळायला कॅलिबर टाका, कॉम्प्युटरवर चालतं, पूर्ण फुकट. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीचा रीडर लिनक्सवर चालेना म्हणून स्वतःपुरतं सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर, आज जगभर वापरतात. मुखपृष्ठ लावणं, लेखकाचं नाव देवनागरीत नीट करणं, ईपबच्या आत आपल्या आवडीचा मराठी फॉन्ट घालणं हे सगळं त्यात होतं. मी मुक्ता नावाचा फॉन्ट घालते, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेला आणि फुकट मिळणारा, आईला त्यातली मात्रा-वेलांटी जास्त स्पष्ट दिसते.

स्कॅन केलेल्या पीडीएफसाठी मात्र हे घेऊ नका. दिवाळी अंकांचे स्कॅन, जुने ग्रंथ, रेल्वेच्या टाइमटेबलएवढी पानं, ते सगळं या स्क्रीनवर मुंगीएवढं दिसतं, झूम केलं तर सरकवताना मशीन अडखळतं, डोकं उठतं. त्याला दहा इंची टॅबच बरा.

नवीन घेणार असाल तर आता भारतात २०२४ चं पेपरव्हाइट मिळतं, सात इंची, आलं तेव्हा १६,९९९ ला होतं, पानं थोडी पटकन उलटतात. माझ्याकडचं २०२१ चं कुणी चांगल्या अवस्थेत निम्म्यात देत असेल तर वाचनापुरता काही फरक पडणार नाही, फक्त घेताना समोर बसून मशीनवरचं त्यांचं अकाउंट काढून टाकायला लावा आणि अंधाऱ्या खोलीत दिवा पूर्ण लावून स्क्रीनवर डाग नाहीत ना ते बघा. कव्हर लगेच घ्या, पाण्याचं एवढं टेन्शन नाही कारण गोड्या पाण्यात दोन मीटरपर्यंत तासभर टिकतं असं कंपनी सांगते, पण पडून काच फुटली तर दुरुस्तीपेक्षा नवं घेणं परवडतं.