मासे सोडायला पाणी कोणतं: नळाचं, बोअरचं की आरओचं?

नाशिकमध्ये फ्लॅटात राहणाऱ्याला पाण्याची निवड बहुधा घरातच करता येते. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचं पाणी, बाथरूमला बोअरचं आणि ओट्यावर आरओ. तीन फुटी टँकसाठी, म्हणजे ढोबळमानाने दीडशे लिटरसाठी, मी तिन्ही वापरून पाहिली. माझ्या टँकवरून सांगतोय, तुमच्याकडे थोडं वेगळं निघू शकेल.

बोअरचं सगळ्यात बिनकटकटीचं. क्लोरीन नाही, पाइप लावला की झालं. आपल्याकडे खाली काळा पाषाण, त्यामुळे हे पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, असतं. गप्पी, मोलींना ते मानवतं. माझ्या मोलींनी एवढी पिल्लं दिली की पिल्लं घेता का म्हणून विचारलं की शेजारी विषय बदलायचे. निऑन टेट्रा मात्र कोपऱ्यात फिकुटलेले. एप्रिलमध्ये पाणी दोन बोटं उतरायचं आणि काचेवर पांढरी रेघ उरायची. व्हिनेगरने घासली तरी कडेला राहायचीच.

मग दुकानदाराच्या सांगण्यावरून आरओ. पंधरा दिवसांत टेट्रांची निळी पट्टी लखलखायला लागली, हे मान्य. पण महिन्याभरात पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल) 6 च्या खाली उतरला. आरओ क्षारांबरोबर कार्बोनेटही काढून टाकतो. माशांच्या घाणीवर जिवाणू काम करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते झेलायला पाण्यात काही शिल्लकच नसतं. मिनरल पावडर घाला किंवा साधं पाणी मिसळा, असा उपाय आहे. आधी काढायचं, मग परत घालायचं! तेही मी केलं असतं.

निभलं नाही ते रविवारचं. टँकमधलं पाव पाणी बदलायचं म्हणजे चाळीसेक लिटर. घरगुती आरओ तासाला फार तर बारा-पंधरा लिटर देणार. तीन तास ओट्याखाली बादल्यांची रांग, आरओची टाकी कोरडी, आणि नेमके त्याच वेळी पाहुणे. मी पाणी मागितलं तर आई म्हणाली, "माशांना विचार, त्यांचं उरलंय का." शिवाय बादलीच्या तिप्पट पाणी मोरीत वाहून जायचं. पाणीकपातीच्या दिवसांत ते बघवत नव्हतं.

तेव्हापासून नळाचंच. गंगापूर धरणाचं पाणी बोअरच्या मानाने बरंच सौम्य आहे आणि टेट्रा, मोली दोघांनाही चालतं, निदान माझ्याकडे तरी. क्लोरीनची तेवढी काळजी घ्यावी लागते. गॅलरीत पन्नास लिटरचा ड्रम आहे. शनिवारी संध्याकाळी भरतो, बाटलीवरच्या मापाने हायपो (क्लोरीन घालवणारं औषध) टाकतो, बुडबुडे काढणारा एअर स्टोन सोडून ठेवतो. सकाळपर्यंत पाणी तयार. चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो असं म्हणतात, एरवी उडतोही. पण पावसाळ्यात नळाला वास जास्त येतो, त्यामुळे मी हायपो चुकवत नाही. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली कधीच धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नाहीतर कामाचे जिवाणू क्लोरीनने मरतात.

डिस्कस पाळायचे असतील किंवा टेट्रांची पैदास करायची असेल, तर आरओ लागू शकतो. पण मग वेगळा, जास्त क्षमतेचा बसवा, ओट्यावरचा नको. बोअरच असेल तर मोली, गप्पी घ्या आणि निवांत राहा.

आरओ मी आता फक्त उन्हाळ्यात वापरतो. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. त्यामुळे तूट नळाच्या पाण्याने भरत गेलं तर टँक हळूहळू जड होतो. रोज रात्री आरओचे दोन तांबे ओततो. तेवढ्याला आईची हरकत नाही.