लाथ कुठून येणार हे माहीत हवं: हॉट हॅच घेताना मजा आणि भरवसा

हॉट हॅच, म्हणजे साध्या घरगुती हॅचबॅकची दमदार इंजिनाची अवखळ बहीण, घ्यायला निघालेल्या माणसाच्या डोक्यात साधारण दोन याद्या असतात. एकीत चालवून बघितल्यावर झोप उडवणाऱ्या गाड्या, दुसरीत 'ही कधी दगा देणार नाही' असं मेकॅनिकने छातीठोकपणे सांगितलेल्या. दोन्हींत एकही नाव सामाईक निघत नाही आणि मग घालमेल सुरू होते.

मला वाटतं, इथे आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. दहा वर्षं पळवलेली टर्बो गाडी (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारी) कधी ना कधी काम काढणारच. ते काम कुठलं असेल हे आधी माहीत आहे का, त्याची चाहूल लागते का, आणि आपल्या सोयीने ते आधीच उरकता येईल का, हे विचारायचं. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण लाथ कुठल्या बाजूने येते हे ठाऊक असलं तरच चरवी वाचते.

आधी मजेचं बघू, कारण तिथेच मोजमापाचा घोळ जास्त होतो. पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय 1976 साली विक्रीला आली तेव्हा तिच्या 1.6 लिटर इंजिनात 110 अश्वशक्ती होती आणि गाडीचं वजन 800 किलोच्या जरासं वर. तेवढी ताकद आज साध्या घरगुती हॅचबॅकमध्येही मिळते. तरीही ती गाडी आजही चालवणाऱ्याला हसवते. हलक्या गाडीत वजन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकलेलं पाठीला कळतं, ब्रेक सोडला की नाक वर आलेलं जाणवतं, आणि हे सगळं ताशी 50-60 किलोमीटरला घडतं. उलट 300 च्या वर अश्वशक्ती असलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये काही सेकंद दाबली की वेगमर्यादा संपली. उरलेला रस्ता तुम्ही तिला आवरत बसता. शिवाय ताकद वाढली की उष्णता वाढते, आणि रबर, प्लॅस्टिक, तेल, सील यांचं आयुष्य उष्णताच खाते.

स्विफ्ट स्पोर्ट की सिव्हिक टाइप आर

म्हणून तुलना दोन टोकांपासून सुरू करतो.

2005 ची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट, म्हणजे कंपनीच्या संकेतांकाने झेडसी31एस: 1.6 लिटर, टर्बो नाही, 125 अश्वशक्ती, तीही 6800 आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). 2011 च्या झेडसी32एसमध्ये तेच इंजिन 136 अश्वशक्तीचं झालं आणि मॅन्युअलला सहावा गिअर आला. या दोन्हींत बिघडायला आहे तरी काय? टर्बो नाही, इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) नाही, पेट्रोलचा हाय-प्रेशर पंप नाही. पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेतच फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हची पाठ आपोआप धुतली जाते. तेल वेळेवर बदला, एवढंच तिचं मागणं. बदल्यात इंजिन लाल रेषेपर्यंत ताणायची मोकळीक मिळते, आणि ताणल्याशिवाय ती पळतही नाही. 2017 च्या झेडसी33एसला 1.4 लिटर टर्बो मिळाला: 140 अश्वशक्ती, 230 न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा पीळ), वजन साधारण 970 किलो. ती निश्चितच वेगवान आहे, पण टॉर्क खालच्या आरपीएमलाच मिळत असल्याने गिअर बदलायचं निमित्त कमी झालं. रोजच्या रस्त्याला मी 33एस घेईन, रविवारच्या पहाटेला 32एस.

दुसऱ्या टोकाला 2017 ची होंडा सिव्हिक टाइप आर, एफके8. 2.0 लिटर टर्बो, 320 अश्वशक्ती, 400 न्यूटन-मीटर, फक्त मॅन्युअल. एवढी ताकद पुढच्या दोन चाकांवर टाकली की ॲक्सिलरेटर दाबताच स्टिअरिंग हातातून ओढलं जायला हवं, ज्याला टॉर्क स्टिअर म्हणतात. होंडाने पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्टिअरिंगचा अक्ष स्ट्रटपासून (स्प्रिंग-शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबापासून) वेगळा केला आणि हा ओढा बराचसा मारला. रेनोने मेगान आरएसमध्ये तोच विचार वापरला होता. इंजिन दणकट आहे. तक्रारी ऐकू येतात त्या गिअरबॉक्सच्या सिंक्रोच्या (गिअर जुळवून घेणाऱ्या कड्यांच्या), घाईघाईत गिअर टाकताना होणाऱ्या करकरीच्या, आणि ट्रॅकवर सलग फेऱ्या मारल्यावर तापण्याच्या. 2020 च्या सुधारित गाडीत पुढच्या जाळीचं तोंड मोठं केलं ते त्यासाठीच. टेस्ट ड्राइव्हला गिअरबॉक्स गरम होऊ द्या, मग दुसरा आणि तिसरा गिअर वरच्या आरपीएमला टाकून बघा. या गाडीची लाथ कळली ती एवढी.

म्हणजे दोन्ही भरवशाच्या, दोन्ही मजेदार. फरक एवढाच, की स्विफ्टची मजा तुम्हाला रोज ऑफिसला जातानाही मिळते आणि टाइप आरची खरी मजा ट्रॅकवर. ट्रॅकवर वर्षातून एकदाही जाणार नसाल, तर हा हिशेब स्वतःशी प्रामाणिकपणे करा.

गोल्फ जीटीआय: मधली वाट

सगळ्यांना पटणारी निवड. सातव्या पिढीची, म्हणजे 2013 नंतरची जीटीआय आरामात चालते, सामान नेते, आणि मनात आलं की वळणंही नीट घेते. परफॉर्मन्स पॅकमध्ये पुढच्या ॲक्सलला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा लॉकिंग डिफरेन्शियल मिळतो, म्हणजे वळणात आतलं चाक नुसतं फिरू न देता ताकद बाहेरच्या चाकाला देणारी यंत्रणा. तो असलेलीच बघा, फरक पहिल्याच वळणात कळतो.

भरवशाचं म्हणाल तर पिढी बघून बोलायला हवं. पाचव्या पिढीच्या सुरुवातीच्या 2.0 टर्बोत हाय-प्रेशर पंपाला दाबणारा कॅम फॉलोअर झिजतो. छोटासा भाग, पण झिजून भोक पडलं तर कॅमशाफ्टही जातो. सहाव्या पिढीच्या सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग चेनचा (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल राखणाऱ्या साखळीचा) टेन्शनर हे कुप्रसिद्ध दुखणं. सातवीत ते मिटलं, पण वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग गळतं. कूलंट हळूहळू कमी होत असेल तर आधी तिथेच बघा. ऑटोमॅटिक घेणार असाल तर ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचच्या सहा गिअरी डीएसजीचं, म्हणजे फोक्सवॅगनच्या दोन क्लचच्या गिअरबॉक्सचं, तेल दर 60,000 किलोमीटरला बदललेलं आहे का ते कागदावर बघा, तोंडी ऐकू नका. आठव्या पिढीत इंजिनापेक्षा केबिननेच लोकांना वैताग दिला: आवाज आणि एसी रात्री न उजळणाऱ्या स्पर्शपट्टीवर. हा बिघाड म्हणता येणार नाही, पण रोज चिडचिड करणारी गाडी भरवशाची असून काय उपयोग?

मिनी कूपर एस: एक नाव, वेगवेगळ्या गाड्या

मजा-भरवसा वादातली खरी कसोटी इथे लागते. चारही चाकं कोपऱ्यांत, व्हीलबेस आखूड, स्टिअरिंग असं चटपटीत की रस्ता रिकामा असला तरी तुम्ही लेन बदलाल. पण 'मिनी भरवशाची आहे का' या प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

2006 पर्यंतची कूपर एस, संकेतांक आर53, सुपरचार्जरवर (इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरून हवा कोंबणाऱ्या पंपावर) चालते. त्याची शिट्टीच अनेकांना वेड लावते. तिची दुखणी जुनाट पण ओळखीची: पॉवर स्टिअरिंगचा इलेक्ट्रिक पंप, सुपरचार्जरचं विसरलं जाणारं तेल.

2006 अखेरीस आलेल्या आर56 मध्ये प्यूजो-सिट्रोएनसोबत बनवलेलं 1.6 टर्बो, एन14 इंजिन आलं. घोळ इथे आहे. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. इंजिन तेल पितं, दोन सर्व्हिसमधलं अंतर लांब, आणि मालक डिपस्टिक कधी काढत नाही. तेल खाली गेलं की चेन सैल पडते, आणि थंडगार सकाळी सुरू करताना पुढून डब्यात खिळे खुळखुळवल्यासारखा आवाज येतो. तो ऐकूनही चालवत राहिलात तर चेन दात चुकते, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, आणि इंजिन संपलं. त्यातच पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन साचतो, तो काही वर्षांनी खरवडून काढावा लागतो. हाय-प्रेशर पंपही रुसतो. 2010 मध्ये एन18 इंजिन आलं आणि बरीच सुधारणा झाली. 2014 च्या एफ56 ला बीएमडब्ल्यूचं 2.0 लिटर मिळालं, 192 अश्वशक्तीचं, आणि ते चित्रच वेगळं आहे.

एन14 घेऊच नये का? चेन, टेन्शनर, गाइड बदलल्याचं बिल असेल, मालक दर हजार किलोमीटरला तेल बघणारा असेल, तर मी घेईन. तेच इंजिन 'कधीच काही करावं लागलं नाही हो' असं सांगून कोणी विकत असेल, तर नाही. काही करावं लागलं नाही याचा अर्थ सगळं करायचं तुमच्या वाट्याला ठेवलंय.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

2016 च्या फोर्ड फोकस आरएसने (2.3 लिटर, 350 अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद) सुरुवातीच्या गाड्यांत चुकीचं हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) बसल्याने बदनामी ओढवून घेतली. कूलंट सिलिंडरमध्ये झिरपायचं आणि थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर यायचा. 2018 मध्ये कंपनीने दुरुस्तीची मोहीम काढली. आता गंमत बघा: ज्या गाडीचं ते काम झाल्याची नोंद आहे, तिची सर्वांत मोठी भीती मिटलेली आहे. नुसतं नाव ऐकून यादीतून तिला खोडू नका.

टोयोटा जीआर यारिस (2020, तीन सिलिंडरचं 1.6 लिटर, युरोपात 261 अश्वशक्ती, 1280 किलो) रॅलीच्या नियमांसाठी जन्मली. दोन्ही याद्यांत नाव असलेली गाडी हवी तर हीच. मागच्या सीटवर मोठ्या माणसांना बसवायचा विचार मात्र सोडा. ह्युंदाई आय30 एन घ्यायचीच तर 275 अश्वशक्तीची घ्या, इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल तिच्यात आहे. रेनोची जुनी क्लिओ आरएस 182 आणि जुनी, 2.0 लिटरची मेगान आरएस वळणावर अफलातून, पण दोन्हींना टायमिंग बेल्ट आहे, आणि बेल्ट वर्षांवरही म्हातारा होतो. किलोमीटर कमी आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

आधीचा मालक

एवढं मॉडेल-मॉडेल करूनही खरं सांगायचं तर हॉट हॅचची तब्येत निम्मी कारखान्यात ठरते आणि निम्मी आधीच्या मालकाच्या उजव्या पायात. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क वाढवलेला असतो, विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेलं असतं, पण घसरणारा क्लच लपत नाही. वरच्या गिअरमध्ये, मध्यम आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग तिथेच राहिला तर समजून जा. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे आहेत का बघा. टायरवर हात आखडणारा तेलावरही आखडतो.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावलात तर एरर कोड आहेत का एवढंच बघू नका, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का तेही बघा. अर्धवट दिसल्या तर बहुधा कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. मी एकदा हे न बघता गाडी घेतली. तिसऱ्या दिवशी इंजिनचा दिवा लागला, तो पुढचे चार महिने माझ्याशी बोलत होता.

घरात ही एकच गाडी असणार असेल, तर सातवी जीटीआय, 33एस किंवा एफ56. दुसरी एखादी गाडी दाराशी असेल आणि बॉनेट उघडायची आवड असेल, तर आर53, क्लिओ, काम झालेली फोकस आरएस. टाइप आर आणि जीआर यारिस दोन्हींकडे बसतात, फक्त पाठीला कडक सस्पेन्शन चालायला हवं.

बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बाकी काही बोलण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गप्पा मारा, चहाला हो म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.