क्रूझच्या नावाखाली आमचे दोन लाख गेले, तुम्ही तरी जपा

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरालाच लागून माझं शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम आहे, सहा मशिनी चालतात. मे महिन्यात गणवेशाच्या ऑर्डरी अंगावर यायच्या आत चार दिवस कुठेतरी जाऊ, असं दरवर्षी म्हणायचो आणि राहून जायचं. सासूबाईंना पंचाहत्तरावं लागलं. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलेला, गणपतीपुळ्याला, तोही काठावरून. त्यांच्यासाठी म्हणून मी दोन भिशींचे पैसे बाजूला ठेवले होते. ते पैसे कसे गेले हे सविस्तर लिहितेय, कारण तीच माणसं दुसऱ्या नावाने दुसऱ्या गावात बसलेली असणार याची मला खात्री आहे.

डिसेंबरात एका प्रदर्शनात मसाल्याच्या स्टॉलशेजारी त्यांचं टेबल होतं. निळ्या कापडावर जहाजाचा मोठा फोटो, पुढे काचेची बरणी. कूपन भरा, लकी ड्रॉ आहे. मुलाने हट्ट धरला, मी नाव आणि मोबाईल नंबर लिहिला. चौथ्या दिवशी फोन आला, "ताई, तुमचा नंबर लागलाय, फॅमिलीला घेऊन जेवायला या." शहरातल्या एका हॉटेलात जेवण, त्याआधी पाऊण तास पडद्यावर जहाजं.

नंतर एक तरुण आमच्या टेबलाशी येऊन बसला. बोलणं गोड, सासूबाईंच्या पाया पडला. आम्ही आमचं सांगितलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना कांदा-लसूण चालत नाही, गोंगाट सोसत नाही. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला पाण्याच्या घसरगुंड्या हव्यात. मुलीला लक्षद्वीप बघायचंय. मिस्टरांना बाल्कनीची खोली हवी. आणि खर्च दोन लाखांच्या वर नको. प्रत्येक गोष्टीवर त्याचं एकच उत्तर, "होऊन जाईल ताई." लक्षद्वीप? होऊन जाईल. थोड्या वेळाने म्हणाला, त्यापेक्षा सिंगापूरहून निघणारं जहाज घ्या, तीन रात्री, मलेशियाला जाऊन परत. तेवढ्याच पैशात, विमानासकट. आम्ही हरखून गेलो. पाच माणसांचं विमानाचं भाडंच किती होतं याचा हिशेब त्या रात्री आमच्यापैकी कोणीच मांडला नाही. त्याच टेबलावर 25,000 दिले.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण आमचा विश्वास इथे बसला. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, त्याने आम्हाला ऑफिसात बोलावलं. स्वतःचा मोबाईल स्पीकरवर टाकून जहाज कंपनीच्या बुकिंग विभागाला फोन लावला. तो नंबर मी घरी येऊन तपासला, तो खराच होता. पलीकडच्या बाईंनी बुकिंग नंबर विचारला आणि पाचही नावं वाचून दाखवली. सासूबाईंच्या नावाचं स्पेलिंग बरोबर, मुलाचं वय बरोबर, बाल्कनीची केबिन. "होय, हे बुकिंग आमच्याकडे दिसतंय," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. यापेक्षा आणखी काय हवं? मी तिथेच बसून 1,10,000 पाठवले. खातं एका माणसाच्या नावावर होतं. कंपनीच्या खात्याचं काही जीएसटीचं काम चालू आहे, असं कारण त्याने दिलं. मार्चमध्ये उरलेले 65,000 त्याच खात्यात गेले.

फोनवरच्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. एजंटला पैसे न भरताही काही दिवस केबिन धरून ठेवता येते. तिला बुकिंग नंबर पडतो, नावं पडतात, कंपनीच्या पडद्यावर सगळं दिसतं. मुदतीत रक्कम भरली नाही की केबिन आपोआप सुटते. त्याने आमची केबिन तशी धरली, आम्हाला ऐकवली आणि सोडून दिली. मी विचारायला हवं होतं ते एवढंच: आमचे किती पैसे तुमच्याकडे जमा झालेत, आणि बाकी भरायची शेवटची तारीख कोणती? अनेक कंपन्या पूर्ण रक्कम निघायच्या दोन-तीन महिने आधी मागतात. दुसरं म्हणजे बुकिंग नंबर आणि आडनाव घालून कंपनीच्या वेबसाइटवर आपलं बुकिंग आपल्यालाच उघडता येतं, पासपोर्टची माहितीही तिथे आपणच भरायची असते. एजंट म्हणाला, "ते आम्ही करतो, तुम्ही कशाला त्रास घेता," आणि मी ते मानलं.

एप्रिलमध्ये मुलीने विचारलं, "आई, व्हिसाचे फोटो कधी काढायचे?" मी त्याला फोन केला. म्हणाला, "जहाज समुद्रात असतं ना ताई, व्हिसा लागत नाही." माझ्या पोटात गोळा आला. आपल्याला सिंगापूरला व्हिसा लागतो. शिवाय जहाज मलेशियाला जाऊन परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे प्रवेश दोनदा, म्हणून तो मल्टिपल एंट्रीचा हवा. त्याच दुपारी त्याच नंबरवर मी स्वतः फोन लावला. बुकिंग जानेवारीतच रद्द झालं होतं. एक रुपयाही भरलेला नव्हता.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी लहान डब्यात शेंगाची चटणी वेगळी काढून त्यावर कागद बांधून ठेवला होता, जहाजावर तोंडाला चव राहावी म्हणून. त्यांनी काही विचारलं नाही. उठून तो डबा आत फडताळात नेऊन ठेवला.

पुढचे अकरा दिवस मी वाया घालवले, आणि याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तो फोन उचलत होता, "सोमवारी रिफंड टाकतो" म्हणत होता, मी वाट बघत होते. मग ऑफिसचं शटर बंद दिसलं. तुम्ही असं करू नका. शंका आली त्या तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकले नसतील तर बँक ते रोखू शकते. आमचे 41,000 तसे रोखले गेले, बाकीचे आधीच काढलेले होते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार दिली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगातही. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कुठे जायचं कळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

नंतर नात्यातल्या एकाने पुण्याच्या एका ट्रॅव्हलवाल्या बाईंशी बोलणं करून दिलं. मी त्यांना तीच सगळी यादी सांगितली. त्यांनी पंधरा मिनिटांत तीनदा "नाही" म्हटलं. लक्षद्वीप नाही, कारण मोठं जहाज तिथे धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभं राहतं आणि लहान बोटीत उतरावं लागतं, आजींच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. घसरगुंड्या आणि शांतता एकाच जहाजावर नाही. घसरगुंड्या, चढायच्या भिंती हे रॉयल कॅरिबियनसारख्यांच्या मोठ्या जहाजांवर असतं, तिथे हजारो माणसं आणि दिवसभर गडबड. खरी शांतता हवी तर वायकिंगसारख्या कंपन्या आहेत, त्यांच्या समुद्री जहाजांवर कॅसिनोही नाही, पण अठराच्या आतल्यांना ते घेतच नाहीत. आणि बाल्कनी या पैशात नाही. जाहिरातीतला दर बहुतेक वेळा आतल्या, बिनखिडकीच्या केबिनचा असतो. त्यावर बंदराचे कर येतात, आणि बऱ्याच कंपन्या दर माणशी दर रात्रीची टिपही वेगळी लावतात. कांदा-लसणाशिवाय जेवण बऱ्याच ठिकाणी मिळतं, पण ते आधी कळवून बुकिंगवर लिहून घ्यावं लागतं. तुम्हाला मुंबईहून निघणारं कॉर्डेलियाचं जहाज बरं, त्या म्हणाल्या. दोन-तीन रात्रींचा प्रवास, आपलं जेवण, व्हिसाचा प्रश्न नाही. फक्त शनिवार-रविवारची फेरी टाळा, तेव्हा पार्ट्या जास्त असतात.

हे ऐकताना मला त्या हॉटेलातलं टेबल आठवत होतं. त्या मुलाला जहाजांची माहिती असती, किंवा आम्हाला खरंच कुठे न्यायचं असतं, तर एकदा तरी त्याच्या तोंडून "हे जमणार नाही" निघालं असतं.

आमच्यासारखं ज्यांनी डिसेंबरात तसं कूपन भरून पैसे दिलेत, त्यांनी पावती, बँकेची एंट्री आणि फोनवरचे मेसेज पुसू नका. माझ्या माहितीत आणखी चार घरं आहेत, त्यातली दोन लाजेपोटी गप्प आहेत. तुमच्या तक्रारीत खात्याचा नंबर तोच निघाला तर पोलिसांना तसं मुद्दाम सांगा. एकाच खात्यावर पाच तक्रारी असल्या की तपास वेगळ्या वजनाने होतो, असं आम्हाला तिथल्याच हवालदारांनी सांगितलंय.