गोचिडांवरचं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ तेल : आठ महिन्यांनंतर

ही बाटली मी फेब्रुवारीत घेतली. 100 मिली, 449 रुपये. कडुनिंब, करंज, टी ट्री (चहाचं नव्हे, एका ऑस्ट्रेलियन झाडाचं उग्र वासाचं तेल) आणि कापूर एवढं लेबलवर, आणि त्याखाली मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’. कुत्रं पाळणाऱ्या सगळ्यांना ही तेलं माहीत आहेत, त्यामुळे ती कशी लावतात ते सांगत बसत नाही. लिहायचं ठरवलं ते सप्टेंबरात, ठकीच्या नाकातून रक्त आलं तेव्हा.

ठकी आमची गावठी कुत्री. चार वर्षांची, 16 किलो. इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर आहे, भिंती चुन्याच्या, मागे अंगण. तिला गोळ्या-औषधं कमीत कमी द्यायची, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं. दर रविवारी तिच्या अंगावर किती गोचीड सापडले ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. फेब्रुवारी-मार्चचे आकडे दोन, शून्य, एक, शून्य असे होते. मी खूश. राजेंद्र नगरच्या जाऊबाईंनाही त्यांच्या लॅब्रॅडोरसाठी हीच बाटली घ्यायला लावली. तेल चांगलं म्हणून आकडे कमी नव्हते, थंडी नुकती सरली होती म्हणून कमी होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मेमध्ये एका रविवारी अकरा सापडले. तेल कमी पडतंय असं समजून मी दुप्पट लावलं, पाठीवर, कानामागे, पंजांच्या बेचक्यांतही. त्या रात्री तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि मागचे पाय लटपटत होते. बाहेर उकाडा इतका की आम्हाला तो उन्हाचाच त्रास वाटला. ताक पाजलं, ओल्या गोणपाटावर झोपवलं. सकाळपर्यंत ती सावरली आणि आम्ही ते विसरलो.

पावसाळ्यात आकडे कधी पंधरा, कधी वीस. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने पोळीला तोंड लावणं बंद केलं. नाक गार लागतंय म्हणजे ताप नाही, असं सासूबाई म्हणाल्या आणि मीही तेच धरून चालले. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढुरक्या. डॉक्टरांनी मागून थर्मामीटर लावला, 104.6 फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 असतं, आणि नाकावरून ते कळत नाही. रक्त तपासलं तर प्लेटलेट 38 हजार, जिथे निदान दोन लाख हवेत. एर्लिकिया, म्हणजे गोचिडामुळे होणारा ताप. 28 दिवस डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी. तपासण्या, सलाइन, औषधं मिळून 6,800 रुपये गेले.

डॉक्टर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, शांत माणूस. अंगाला काय लावता, एवढंच त्यांनी विचारलं. मी बाटली पुढे केली. त्यांनी वास घेतला, लेबल फिरवून फिरवून वाचलं आणि म्हणाले, ‘‘यात टी ट्री किती टक्के आहे?’’

ते लेबलवर कुठेच नव्हतं, खोक्यावर नाही आणि आतल्या कागदावरही नाही. माझं सगळं भांडण या एका गोष्टीवर आहे.

टी ट्रीचं शुद्ध तेल कुत्र्याच्या कातडीतूनही शरीरात शिरतं. लाळ गळणं, अशक्तपणा, तोल जाणं, थरथर ही त्याच्या विषबाधेची लक्षणं, आणि ती काही तासांतच दिसतात. कापूर पोटात गेला तर ओकाऱ्या होतात, झटकेही येऊ शकतात. फारच विरळ केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण विरळ आहे की नाही ते मला कसं कळणार? माणसांच्या औषधी शाम्पूच्या बाटलीवरही टक्केवारी छापलेली असते. कुत्रं तर अंगाला लावलेलं सगळं चाटतं. ठकीला लावलेलं तेल अर्ध्या तासात तिच्या जिभेवर असतं. तिच्यासाठी बाहेरून लावायचं औषध असं काही नसतंच, लावलेलं प्रत्येक औषध पोटात जाणार हेच धरून चालावं लागतं. मेमधली ती रात्र मला दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर आठवली, आणि दुप्पट तेल लावणारा हात माझाच होता हे अजून मनातून जात नाही.

कंपनीला तीनदा फोन केला. ‘‘मॅडम, हर्बल है, साइड इफेक्ट होता ही नहीं.’’ मी म्हटलं, टक्केवारी सांगा. पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. मी पुन्हा म्हटलं, मला सूट नको, टक्केवारी हवी. ईमेल लिहा म्हणाले. लिहिलं. आजपर्यंत उत्तर नाही.

तेलाने ताप आणला असं मी म्हणत नाही, ताप गोचिडांनी आणला. पण त्या वासावर विसंबून मी आठ महिने धड काही केलं नाही. कडुनिंबाच्या वासाने काही गोचीड दूर राहत असतील, वीस आले तर तो वास पुरत नाही.

इथवर वाचून मी सगळ्याच घरगुती उपायांवर उलटले असेन असं वाटेल. ऑक्टोबरपर्यंत तसंच होतं. मग डॉक्सीसायक्लिनने ठकीचं पोट बिघडलं, दिवसाला चार-पाच पातळ जुलाब. डॉक्टर म्हणाले, गोळी भरल्या पोटी द्या, वर पाणी पाजा, दूध-दही गोळीबरोबर नको, कॅल्शियममुळे औषध नीट लागू पडत नाही, आणि लाल भोपळा उकडून द्या. मला हे नुसतं समाधान करण्यापुरतं वाटलं. पाव किलो भोपळा आणला, साल-बिया काढून मीठ, गूळ, मसाला काही न घालता उकडला आणि कुस्करून दोन चमचे जेवणात मिसळला. तिसऱ्या दिवशी शी बांधून आली. भोपळ्यातले तंतू पाणी धरून ठेवतात, म्हणून पातळ असो की घट्ट, दोन्हींत फायदा होतो. नीमच-मंदसौरचं इसबगोल तर आपल्या माळव्यातलंच, तेही चालतं, अर्धा चमचा, पण भरपूर पाण्यात भिजवूनच. मात्र जुलाबात रक्त असेल, कुत्रं ओकत असेल किंवा पिल्लू असेल तर भोपळा शिजवत बसू नका, रिक्षा बोलवा.

दुसरी गोष्ट ओट्स. मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून कोमट पाण्यात कालवायचे, त्यात दहा मिनिटं आंघोळ. चावल्या जागची तिची खाज निम्म्यावर आली. चाटलं तरी बिघडत नाही, आणि आता मला तेवढंच बघायचं असतं.

शेजारच्या काकूंनी रोज पोळीत लसणाची पाकळी घालायला सांगितलं होतं, गोचीड पळतात म्हणे. नको. कांद्या-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ठकीच्या हिरड्या आधीच पांढऱ्या होत्या. रविवारचे उरलेले कांदा घातलेले पोहेही आम्ही आता तिला देत नाही. मलावरोधाला मनुका भिजवून देण्याची आपल्याकडे सवय आहे, पण मनुका-द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, सगळ्यांची नाही, पण आपल्या कुत्र्याची पडतील की नाही ते आधी कळत नाही. सासूबाईंचा खोबरेलात कापूर घालून लावण्याचा उपायही बंद केला, त्यांना वाईट वाटलं तरी. गाडीचं जळकं ऑइल खरजेवर लावणारे तर आजही गल्लोगल्ली आहेत. ते पाहिलं की माझा जीव जळतो.

गोचिडांचं अखेर काय केलं? डॉक्टरांनी महिन्याची गोळी सुचवली. मी घाबरले, कारण याच वर्गातल्या (आयसॉक्सॅझोलिन) औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये झटक्यांचा इशारा दिला होता, विशेषतः आधी झटके आलेल्या कुत्र्यांबाबत. डॉक्टरांना तो माहीत होता, त्यांनी आधी तेच विचारलं होतं. ठकीला कधी आले नाहीत. गोळी महाग आहे, पण 6,800 रुपयांपुढे नाही. आणि तिच्या खोक्यावर औषध किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं आहे.

सगळ्यात मोठा फरक मात्र गवंड्याने पडला. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालते. आमच्या चुन्याच्या भिंतींना ठकीच्या गोणपाटामागेच बोटभर रुंद भेगा होत्या. टॉर्च लावून पाहिलं तर आत रांगाच. दोन दिवसांचं काम, 2,400 रुपये, सगळ्या भेगा सिमेंटने बुजवल्या आणि गोणपाट जाळून टाकला. आता चादर दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढते. अंगावर सापडलेला गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढते आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकते. रॉकेल नाही, उदबत्तीचा चटका नाही.

जाऊबाईंना फोन करून त्यांची बाटली बंद करायला लावली. माझ्या बाटलीत अजून चाळीसेक मिली तेल आहे. एवढे पैसे गेले म्हणून टाकवत नाही आणि कुठे लावताही येत नाही, म्हणून ते वरच्या फळीवर, ठकीच्या आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवलंय. गेल्या चार रविवारचे आकडे : तीन, एक, शून्य, शून्य.