मोकळ्या कोंबड्यांची अंडी : दांडिया बाजारातील एक दुकान

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळच्या या लहानशा दुकानातून मी वर्षभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी घेत आहे. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा असला, तरी मोठ्या कुक्कुटपालनात एका कोंबडीच्या वाट्याला बहुधा ए-फोर आकाराच्या कागदाएवढीही जागा येत नाही, आणि हे मला अस्वस्थ करते. आम्ही आठ-दहा कुटुंबांनी आगाऊ मागणी नोंदवली, तेव्हाच दुकानदारांनी ही अंडी आणायला सुरुवात केली. आता मागणी वाढल्यामुळे शेतकऱ्यानेही कोंबड्या वाढवल्या आहेत. दर जवळजवळ दुप्पट आहे, तरी मला तो रास्त वाटतो. खोक्यावर शेताचे नाव मात्र छापायलाच हवे.