डेटन की बेलफास्ट: शांतता कराराचा कोणता नमुना कुठे चालेल?

वांशिक संघर्षाने दुभंगलेल्या प्रदेशासाठी कराराचा नमुना शोधणारे बहुतेकदा या दोन नावांपाशी अडतात: बोस्नियातलं युद्ध थांबवणारा डेटन करार आणि उत्तर आयर्लंडचा बेलफास्ट करार. रक्तपात दोन्हींनी थांबवला, फरक पडला तो पुढे.

वेगात डेटन सरस. १९९५ मध्ये तीन आठवड्यांच्या बंद वाटाघाटींत तो ठरला आणि नाटोच्या नेतृत्वाखाली सुमारे ६० हजार सैनिक बोस्नियात उतरले. बेलफास्टच्या कराराला अनेक वर्षं लागली, पण १९९८ मध्ये तो सार्वमताला गेला: उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के होकार, आयर्लंड प्रजासत्ताकात ९४. डेटनवर जनतेचं मत कुणी घेतलंच नाही, ही उणीव फार महागात पडली.

खरी गोम सत्तावाटपात आहे. बोस्नियात भूभागच बोस्नियाक-क्रोएट संघराज्य आणि सर्ब प्रजासत्ताक यांच्यात ५१:४९ असा वाटला गेला. तिघांचं अध्यक्षपद बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम), क्रोएट आणि सर्ब यांच्यासाठी राखीव; रोमा किंवा ज्यू नागरिकाला उभंच राहता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००९ मध्ये हा भेदभाव ठरवला, तरी तरतूद वर्षानुवर्षं तशीच राहिली. बेलफास्टमध्ये जागा राखीव नाहीत. निवडून आल्यावर आमदार युनियनिस्ट (ब्रिटनसोबत राहू पाहणारे), नॅशनॅलिस्ट (आयर्लंडशी एकीकरण हवं असणारे) किंवा ‘अन्य’ अशी नोंद करतात. मात्र संयुक्त सरकारचे दोन प्रमुख, फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी, यांपैकी एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. २०१७ ते २०२० कारभार त्यामुळेच ठप्प होता.

शस्त्रत्यागाला बेलफास्टमध्ये वेळ लागला. आयआरए या नॅशनॅलिस्ट सशस्त्र संघटनेची शस्त्रं २००५ मध्ये निकामी झाली.

फौजा अजून समोरासमोर असतील तर डेटन घ्या, पण राज्यघटनेच्या फेरआढाव्याची तारीख करारातच लिहा. शस्त्रसंधी टिकत असेल आणि संबंधित दोन्ही देश हमी देणार असतील, तर बेलफास्ट.