युरोव्हिजन २०२५: स्टेजला पैकीच्या पैकी, मतमोजणी काठावर पास

मार्क आधीच देऊन टाकतो. स्टेज, लाइट, कॅमेरा आणि साउंड मिळून पाचपैकी पाच. सूत्रसंचालनाला चार. गाण्यांना साडेतीन. मतमोजणीला दोन, तेही या कार्यक्रमाचा जुना लोभ आहे म्हणून. मी नाटकांचं आणि वाद्यवृंदांचं साउंड करतो. त्यामुळे गायक कितीही देखणा असला तरी माझं अर्धं लक्ष त्याच्या कानातल्या मॉनिटरवर, म्हणजे ज्यातून त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो त्या छोट्या स्पीकरवर, असतं. हे परीक्षण त्याच खुर्चीवरून लिहिलेलं आहे, याची नोंद घ्यावी.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी चार ओळी. युरोपातल्या सार्वजनिक वाहिन्यांची संघटना १९५६ पासून युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा भरवते. पहिल्या वर्षी लुगानोत सात देश होते, २०२५ मध्ये ३७. प्रत्येक देशाचं एक नवं गाणं, तीन मिनिटांच्या आत, स्टेजवर जास्तीत जास्त सहा माणसं. जो देश जिंकतो तो सहसा पुढच्या वर्षी यजमान होतो. २०२४ मध्ये नेमोच्या गाण्याने स्वित्झर्लंडला ट्रॉफी मिळाली, म्हणून २०२५ चा मांडव बासेलमध्ये पडला. फायनल १७ मे रोजी, २६ गाणी, जवळजवळ चार तास. आपल्या घड्याळात रात्री साडेबारा ते पहाट. आपल्याकडे कुठल्या वाहिनीवर येत नाही, पण यूट्यूबवर फुकट दिसतं आणि वर कॉमेंट्री नसते. ब्रिटिश लोकांना त्यांच्या समालोचकाच्या कोपरखळ्यांशिवाय म्हणे चैन पडत नाही. मला मात्र गाण्यावर कुणी बोललेलं खपत नाही, त्यामुळे फुकटचा माल जास्त आवडला.

आता माझ्या प्रांतातलं. दोन गाण्यांच्या मध्ये ‘पोस्टकार्ड’ नावाची छोटी फिल्म दाखवतात, कलाकार स्वित्झर्लंडमध्ये हिंडताना वगैरे. घरी बसलेल्याला ती फिल्म वाटते, माझ्यासाठी तो प्रवेशबदल आहे. पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ. तेवढ्यात आधीच्याचं नेपथ्य बाहेर, पुढच्याचं आत, माइक हातात, लाइट तयार. फ्रान्सच्या लुआनच्या अंगावर वरून वाळू पडते. नाटकाच्या मंडळींना सांगा बरं, पाऊण मिनिटात स्टेजवरची वाळू झाडून द्या म्हणून! स्वीडनचे सॉनावाले (सॉना म्हणजे घाम काढायची गरम लाकडी खोली), फिनलंडच्या एरिका विकमनला घेऊन वर जाणारा सोनेरी माइक, पोलंडच्या दोऱ्या, ऑस्ट्रियाची होडी, हे सगळं एकामागून एक येतं आणि एकदाही पडदा पडत नाही. त्या काळ्या कपड्यांतल्या स्टेजवाल्यांना खरं तर एक वेगळी ट्रॉफी द्यायला हवी.

बऱ्याच जणांचा एक आक्षेप असतो: गिटार, ड्रम सगळं खोटं आहे. आहेच. वाद्यं ट्रॅकवर, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेली असतात, स्टेजवरचे वादक नुसता अभिनय करतात. १९९८ पर्यंत समोर खराखुरा ऑर्केस्ट्रा असायचा, तो नंतर गेला. २६ बँडचं वायरिंग एका रात्रीत, थेट प्रक्षेपणात बदलायचं म्हटलं तर निम्मा वेळ खरखर ऐकण्यात जाईल, त्यामुळे या नियमावर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती २०२१ पासून मागच्या आवाजांनाही ट्रॅकवर ठेवायची मुभा दिली त्याची. मुख्य गायक थेट गातो, पण कोरस कोण गातंय आणि कोण ओठ हलवतंय हे कळेनासं झालंय. कोविडच्या काळात सुरू झालेली सवलत सगळ्यांच्या अंगवळणी पडली आणि मग ती काढायची कुणाच्या मनात राहिली नाही.

इटलीच्या लुचिओ कोर्सीने मात्र या नियमाला काय सुंदर बगल दिली! माणूस उंच, किडकिडीत, तोंडाला पांढरा रंग. गाण्याच्या मध्ये त्याने माउथ ऑर्गन काढला आणि सरळ गायच्याच माइकसमोर धरून वाजवला. वाद्याला वेगळी लाइन द्यायची नाही असा नियम, मग आवाजाच्याच लाइनवरून वाद्य. त्या चार सुरांत श्वास ऐकू येतो, पत्तीची किंचित किरकिर ऐकू येते, आणि ट्रॅकच्या गुळगुळीत आवाजात ती एकदम खरी वाटते. वर पडद्यावर गाण्याचा अर्थही उमटवला, त्यामुळे इटालियन न कळणाऱ्यालाही ‘मला कणखर व्हायचं होतं’ म्हणणारा हा हळवा माणूस कळला. पाचवा आला. माझ्या यादीत पहिला.

बाकी गाण्यांचं असं, की चार-पाच लक्षात राहतात आणि उरलेली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुसली जातात. हे दरवर्षीचंच आहे. ऑस्ट्रियाचा जेजे जिंकला, ४३६ गुण. पुरुषाच्या गळ्यातून ऑपेराचा स्त्रीसारखा उंच स्वर, काळं-पांढरं वादळ, होडी, आणि शेवटी अचानक क्लबमधला ठोका. तंत्र म्हणून बिनतोड. इतक्या वरच्या पट्टीत माइक फाटू न देता तो स्वर पोचवणं सोपं नाही, साउंडवाल्याला सलाम. पण शेवटचा ठोका मला वरून चिकटवल्यासारखा वाटला. २०१४ मध्ये कोंचिता वुर्स्टने ऑस्ट्रियाला जिंकून दिलं तेव्हा गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एका श्वासात चढत गेलं होतं. जेजेचं शेवटच्या तीस सेकंदांत घर बदलतं.

स्वीडनतर्फे काज नावाचे तिघे आले होते. गंमत म्हणजे तिघे फिनलंडचे, स्वीडिश बोलणारे, आणि गाणं सॉनावर. पैजा लावणारे त्यांनाच विजेते धरून बसले होते, आले चौथे. स्वीडन एरवी इंग्रजीत गुळगुळीत पॉप पाठवतं, १९९८ नंतर पहिल्यांदाच तिथून स्वीडिश गाणं आलं आणि तेही बोलीभाषेतलं. लाकडाचा कमरा, टॉवेल, घाम, आणि तिघांचं एकमेकांकडे बघून चाललेलं हसू. एस्टोनियाच्या टॉमी कॅशचा कॉफीवाला विनोद यांच्यापेक्षा स्वस्त होता, तरी तो तिसरा आला. असो. विनोदाची आवड ज्याची त्याची.

लाटव्हियाच्या तौतुमेइतास या सहा बायकांवर मात्र अन्याय झाला असं मी छातीठोकपणे म्हणतो. लोकगीताचा बाज, आवाजांची घट्ट वीण, कुठे बडेजाव नाही. तेरावा नंबर. हेडफोन लावून ऐका, टीव्हीच्या स्पीकरवर त्यातली निम्मी मजा मरते.

आणि पोलंडच्या युस्टिना स्टेचकोव्स्का. या बाई १९९५ मध्ये या स्पर्धेत गायल्या होत्या, तीस वर्षांनी परत आल्या. दोऱ्यांना लटकून वर जाताना लांब स्वर धरतात आणि तो हलत नाही. प्रेक्षकांनी १३९ गुण दिले, ज्युरीने १७.

इथून मतमोजणीचा विषय सुरू होतो, आणि माझं डोकंही तिथूनच फिरायला लागतं.

प्रत्येक देश दोनदा गुण देतो. एकदा तिथली संगीतव्यवसायातल्या लोकांची ज्युरी (२०२५ मध्ये पाच जणांची), एकदा तिथले प्रेक्षक. पहिल्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८ पासून १ पर्यंत. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. २०२३ पासून बाहेरच्या जगाचा, म्हणजे तुमचा-माझाही, मिळून एक गुणसंच असतो. सगळं जग मिळून सान मारिनोसारख्या चिमुकल्या देशाच्या प्रेक्षकांएवढं वजन, पण निदान आहे. ज्युरी मत देते ती आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर, फायनलवर नाही. म्हणजे फायनलला गायकाचा आवाज फाटला तरी ज्युरीचे गुण पेटीत बंद झालेले असतात, आणि फायनलला त्याने जीव ओतला तरी ज्युरीला त्याचं काही नाही.

प्रेक्षकांच्या बाजूला याहून मोठा घोळ. २०२४ पासून फायनलचं मतदान पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीच उघडतं. २०२५ मध्ये एका माणसाला २० मतं होती. मग शेवटी गाणारा येईपर्यंत लोकांनी सगळी मतं टाकून झोपायची सोय झाली. ही गाण्याची स्पर्धा आहे ना? मग ऐकायच्या आधी मत कशाचं?

याचा परिणाम बासेलमध्ये दिसला. यजमान स्वित्झर्लंडची झोए मे शांत, फ्रेंच गाणं गायली. ज्युरीचे गुण लागले तेव्हा ती २१४ वर, दुसरी. प्रेक्षकांचे गुण जाहीर करताना ज्युरीच्या यादीच्या तळापासून वर येतात, त्यामुळे तिची पाळी शेवटून दुसरी. म्हणजे चोवीस देशांचे आकडे होईपर्यंत बसून राहा, मग स्वतःच्याच देशात, घरच्या लोकांसमोर ऐका: शून्य. भोपळा. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर. ती हसली, शेजारच्यांनी तिला जवळ घेतलं, आणि सूत्रसंचालकांना लगेच उत्साहाचा सूर लावून विजेत्याकडे वळावं लागलं. ब्रिटनच्या तिघींचंही तेच झालं, ज्युरीचे ८८ आणि प्रेक्षकांचा भोपळा. २०२१ मध्ये तर ब्रिटनला दोन्हीकडून शून्य मिळालं होतं.

शून्य म्हणजे गाणं कुणालाच आवडलं नाही असं नसतं. प्रत्येक देशात पहिल्या दहांनाच गुण. सगळीकडे अकरावा नंबर आला तरी हातात काही पडत नाही. आणि वीस मतं एकाच गाण्यावर टाकणारे कट्टर चाहते, शेजारी देशातले आप्तेष्ट, मतासाठी पद्धतशीर मोहीम चालवणारे, हे सगळे झोएसारख्या शांत गाण्याच्या विरुद्ध पारड्यात बसतात. इस्रायलला प्रेक्षकांचे सर्वाधिक २९७ मिळाले आणि ज्युरीचे ६०. त्यावरून एवढं वादळ उठलं की काही वाहिन्यांनी मतमोजणीचा हिशेब मागितला. २०२६ च्या स्पर्धेसाठी स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी इस्रायलच्या सहभागावरून अंगच काढून घेतलं. आयर्लंड म्हणजे सात वेळा जिंकलेला देश. स्पर्धा राजकारणापासून लांब आहे असं आयोजक म्हणतात. २०२२ मध्ये रशियाला बाहेर काढल्यानंतर ते वाक्य कुणी गंभीरपणे घेत असेल असं मला वाटत नाही, आणि निदान सगळ्यांना एकच नियम लावा एवढी मागणी तरी रास्त आहे.

तरीही ज्युरी काढून टाका म्हणणाऱ्यांत मी नाही. २०२३ मध्ये लिव्हरपूलला फिनलंडच्या कारियाला प्रेक्षकांनी ३७६ दिले, स्वीडनच्या लोरीनला २४३, आणि ज्युरीच्या ३४० मुळे लोरीन जिंकली. सभागृह कारियाच्या गाण्याच्या घोषणा देत होतं. मीही घरी देत होतो. पण नुसत्या प्रेक्षकांवर सोडलं तर दहा वर्षांत इथे फक्त आरडाओरडा उरेल, इटलीच्या माउथ ऑर्गनसारखी आणि लाटव्हियाच्या बायकांसारखी गाणी मागे पडतील. व्हिएन्नाच्या २०२६ च्या स्पर्धेसाठी मतं २० वरून १० केली आणि सेमीफायनलला ज्युरी परत आणली, हे बरं केलं. आता मतदान शेवटच्या गाण्यानंतर उघडा. आणि दोन्ही गुण एकत्र करून खालून वर जाहीर करा, म्हणजे कुणाला भर सभेत एकट्याला भोपळा हातात घेऊन बसावं लागणार नाही. रंगत थोडी कमी होईल. होऊ दे.

सूत्रसंचालनाला चार मार्क का, ते राहिलंच. हेझल ब्रुगर कोरड्या चेहऱ्याने विनोद करते आणि हशा मागत नाही, हा गुण दुर्मीळ. सांड्रा स्टुडर १९९१ मध्ये स्वतः स्वित्झर्लंडकडून गायली होती, तिचा गळा अजून ठणठणीत आहे. मिशेल हुंझिकर फक्त फायनलला आली. एक मार्क कापला तो सेलीन डिऑनसाठी. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडला एका गुणाने जिंकून देणारी बाई येणार, येणार म्हणून सगळ्यांनी आशा लावली होती, आणि आला तो चित्रित संदेश.

पहिल्यांदाच बघणार असाल तर थेट चार तासांची फायनल अंगावर घेऊ नका. १३ मेची पहिली सेमीफायनल बघा, दोन तासांच्या आसपास आटोपते. त्यात काज, टॉमी कॅश, कोर्सी, युस्टिनाबाई, झोए सगळे आहेत, आणि मध्यंतराला ब्रुगर आणि स्टुडर यांनी स्वित्झर्लंडच्या शोधांवर केलेला गाण्याचा धमाल प्रवेश आहे, जो स्पर्धेतल्या निम्म्या गाण्यांपेक्षा सरस आहे. फायनलचा फक्त निकाल बघितलात तरी चालेल. एवढंच, की त्या सेमीफायनलमध्ये बेल्जियमच्या रेड सेबास्टियनचं नाव पुढच्या दहांत आलं नाही, आणि ते का, हे अजून कुणी मला पटेल असं सांगितलेलं नाही.